सिडकोतला संध्याकाळचा दहावीचा वर्ग : वर्षभर केला, आता सगळं सविस्तर लिहिते

सातवी, आठवी, नववी अशी कुठंतरी शाळा सुटलेली आहे आणि आता तिशी-चाळिशीत दहावी करायचीय, अशांसाठी नाशिकच्या सिडकोतला हा संध्याकाळचा वर्ग खरंच चांगला आहे. मी वर्षभर केला, परीक्षा दिली, पास झाले. आमच्या कंपनीतल्या बायका सारखं विचारतात की कसा आहे, फी किती, शिकवतात का नुसता फॉर्म भरून देतात, आणि प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. पाच पैकी चार स्टार देईन, एक का कापला ते पण लिहिलंय खाली.

मी अंबड एमआयडीसीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून. शाळा नववीतून सुटली, निफाडकडं माहेर आहे तिकडंच. लग्न, मुलं, सगळं झालं आणि मुलगी आठवीत गेली तेव्हा परत डोक्यात आलं. लाइन लीडर व्हायला कंपनीत दहावीचं सर्टिफिकेट मागतात, काम कितीही येत असलं तरी. पण फक्त तेवढ्यासाठी नाही, मला करायचीच होती.

वर्गातले लोक कसले असतात ते आधी सांगते कारण बऱ्याच जणी लाजतात की पोरांमधे कसं बसायचं. इथं पोरं नाहीतच. माझ्या बॅचला दोन रिक्षावाले दादा होते, एकाला एसटीच्या ड्रायव्हर भरतीत उतरायचंय आणि तिथं दहावी लागते. एक ताई अंगणवाडीत लागायचं म्हणून आलेली, आता तिथं मदतनीसला पण बारावी मागतात, म्हणजे तिला दहावी करून पुढं अजून दोन वर्षं काढायचीत, तरी एक दिवस चुकवायची नाही. एक काका नाशिकरोडहून दोन बस बदलून यायचे. भाजीवाल्या होत्या, एक वेल्डर होता, एक सासू-सून जोडी होती (सून जास्त हुशार, पण सासूबाईंचं पाठांतर जबरदस्त). कोणी कोणाला हसत नाही. पहिल्या आठवड्यात सरांनी सांगितलं की 1855 साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली होती, दिवसभर राबून आलेली माणसं रात्री शिकायची, तुम्ही काही जगावेगळं करत नाही. मला ते ऐकून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता शिकवण्याचं. इथं मला सगळ्यात जास्त काय पटलं तर हे लोक पहिल्याच दिवशी दहावीचं पुस्तक उघडत नाहीत. आधी एक साधी चाचणी घेतात, त्यात एक उतारा वाचायचा, चार ओळी लिहायच्या, बेरीज-वजाबाकी, भागाकार, अपूर्णांक, आणि इंग्रजीची अक्षरं. त्यावरून ठरवतात की कोणाला कुठून सुरू करायचं. मला मराठी वाचन पक्कं होतं पण अपूर्णांक आणि भागाकार पार गेलेला, तर मला आणि अजून काही जणांना पहिले दोन-अडीच महिने पाचवी-सहावीचंच गणित दिलं. तेव्हा काही जणांची चिडचिड झाली की आम्ही दहावीची फी भरली आणि हे पाढे काय म्हणून घेतात. पण नंतर बीजगणिताला वर्गसमीकरणं आली ना, तेव्हा ज्यांचं खालचं पक्कं झालेलं तेच टिकले. मोठ्या माणसाला दहावी अवघड जाते ती दहावीमुळं नाही, मधल्या तीन-चार इयत्ता सुटलेल्या असतात त्यामुळं, आणि बाकीचे क्लासवाले तेच बघत नाहीत. गाईड देतात, आयएमपी म्हणजे हमखास येणारे प्रश्न देतात, पाठ करा म्हणतात.

टक्केवारी कशी शिकवली ते सांगते. मॅडमनी सांगितलं सगळ्यांनी आपापली पगाराची स्लिप आणा, ज्यांच्याकडं नाही त्यांनी शेजारच्याची बघा. मग फळ्यावर एक स्लिप उतरवली, बेसिक बारा हजार, त्याचे 12 टक्के पीएफ म्हणजे किती, आम्ही काढले 1440. मग ईएसआयसी, म्हणजे आजारपणाच्या विम्याची कपात, एकूण पगारावर पाऊण टक्का, सोळा हजारावर 120 रुपये. पाऊण टक्का म्हणजे शंभरातले पाऊण रुपया हे मी कितीतरी वर्षं कापून देत होते आणि मला माहीतच नव्हतं की तो आकडा येतो कुठून. माझ्या शेजारच्या ताईनं तिच्या तीन महिन्यांच्या स्लिपा काढल्या आणि तिथंच बसून तपासल्या, एका महिन्याचा आकडा जुळेना, तर मॅडमनी तिला सांगितलं की पीएफचं पासबुक मोबाईलवर कसं बघायचं. अर्धा तास त्यातच गेला, पण त्या दिवसानंतर टक्केवारी कोणाची चुकली नाही. नंतर दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन नावाचा धडा येतो, त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहे, तो आम्हाला सगळ्यात सोपा गेला. मिक्सरचं बिल घेऊन बसलो होतो, 18 टक्के जीएसटी, त्यातले 9 केंद्राचे 9 राज्याचे, बिलावर दोन ओळी का असतात ते तेव्हा कळलं.

भूमिती मात्र जड गेली. समरूप त्रिकोण, वर्तुळाची प्रमेयं, त्रिकोणमिती. वेल्डर दादाला ती आपोआप यायची कारण त्याचं कामच कोनाचं आहे, तो काटकोन कसा बसवतात ते पायथागोरसनं समजवायचा, तीन-चार-पाच फूट मोजून, आणि सर पण त्याला फळ्यापाशी उभा करायचे. बाकी आम्ही रचना आणि सोपी उदाहरणं पक्की केली. बीजगणित 40, भूमिती 40 असे दोन वेगळे पेपर असतात पण गणिताचे मार्क एकत्र धरतात, त्यामुळं बीजगणितात जोर लावला तर पासिंगची भीती कमी होते, हे सरांनी सुरुवातीलाच सांगितलेलं.

आणि लिहिण्याची सवय. हे कोणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम लिहिते. वाचता येतं, उत्तर पण येतं, पण पेन धरून सलग तीन तास लिहायचं म्हटलं की हात भरून येतो, बोटं आखडतात, अक्षर पहिल्या पानावर वेगळं आणि सहाव्या पानावर वेगळं. भाषेचा पेपर 80 मार्कांचा आणि तीन तासांचा असतो. इथं दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी नुसता लिहायचा सराव असायचा, आधी अर्धा तास, मग एक तास, मग पूर्ण पेपर. प्रश्न सोपे असायचे, बघून लिहा म्हणायचे कधी कधी, पण वेळ लावून. भाजीवाल्या मावशींचं जोडाक्षर अडायचं, 'स्वातंत्र्य' हा शब्द त्यांनी वहीच्या पूर्ण पानभर लिहिला होता, प्रत्येक वेळी त्र चा फाटा जरा सुधारत गेलेला, मी ते पान बघितलंय. मॅडमनी त्याच्यावर बरोबरची खूण नाही केली, खाली तारीख टाकली फक्त आणि म्हणाल्या, "आता पुढच्या महिन्यात परत एक पान लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघू."

आता फॉर्मचं, कारण अर्धे लोक इथंच अडकतात. वर्ग स्वतः काही बोर्ड नाही, सर्टिफिकेट ते देत नाहीत, हे ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात. दोन रस्ते आहेत. एक, आपल्या महाराष्ट्र बोर्डाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचं. पेपर तेच, तारखा त्याच, पोरांबरोबरच सेंटरवर बसायचं, पासिंग 35. नाशिकला बोर्डाचं विभागीय मंडळच आहे, धुळे, जळगाव, नंदुरबार पण त्यातच येतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि त्यात एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, कागद तिथं नेऊन द्यायचे. भाषांच्या 20 मार्कांच्या तोंडी परीक्षा आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिक त्याच शाळेत द्यायचं असतं, ते चुकवू नका, आमच्यातल्या एकांना कामावरून सुट्टी मिळाली नाही आणि तोंडी राहिली, मग फार पळापळ झाली.

दुसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, ते केंद्र सरकारचं आहे, 1989 पासूनचं. पाच विषय घ्यायचे, पासिंग 33, परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं आणि नऊ वेळा बसता येतं, त्यामुळं एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतात. मराठीतून देता येते. गणित नको असेल तर दुसरा विषय घेता येतो, पण तिथं सर थांबवतात आणि विचारतात की पुढं काय करायचंय, कारण आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडला दहावीचं गणित-विज्ञान लागतं, मग नंतर पस्तावायला नको. ज्यांच्या शिफ्ट बदलत राहतात, किंवा द्राक्षाच्या सीझनला पॅकहाउसला जातात त्यांना त्यांनी एनआयओएस सुचवलं. हे बरोबरच आहे, फेब्रुवारी-मार्चला आपल्याकडं द्राक्षाचं काम भरात असतं आणि नेमकी बोर्डाची परीक्षा तेव्हाच. बाई मजुरी सोडून पेपरला कशी येणार? ऑक्टोबरला देऊ शकते. असा विचार करून सांगणारा माणूस भेटणं ही मोठी गोष्ट आहे. मला शिफ्ट ठरलेली होती, सात ते साडेतीन, म्हणून मी 17 नंबरनं बसले.

बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा असतो आणि आधार सासरच्या नावाचं. फॉर्म दाखल्यावरच्या नावानं जातो, म्हणून मार्कशीट पण माहेरच्या नावाचं येतं. घाबरायचं नाही, लग्नाचं सर्टिफिकेट नीट ठेवायचं, आणि नाव बदलल्याचं गॅझेट केलं असेल तर उत्तमच. मार्कशीटवर आईचं नाव पण छापतात, तर आईच्या नावाचं स्पेलिंग फॉर्ममधे तपासूनच द्या. दाखला ओरिजिनल लागतो. हरवला असेल तर जुन्या शाळेत जाऊन दुय्यम प्रत काढायची आणि त्याच्याबरोबर प्रतिज्ञापत्र. मला निफाडला जाऊन रजिस्टर शोधायला लावलं, शिपाईमामांनी धूळ झटकून ते काढलं, माझं नाव सापडलं, वडिलांची सही होती त्यात. वडील आता नाहीत. असो, ते इथं लिहायचं नव्हतं.

या वर्गात यायच्या आधी मी शहरात अजून एका ठिकाणी चौकशी केली होती. नाव लिहीत नाही. तिथं काउंटरवरच्या मुलानं सांगितलं की दीड महिन्यात दहावी, पेपरला यायची गरज नाही, आमचं बोर्ड दिल्लीचं आहे, पंचवीस हजार, अर्धे आत्ता द्या. मी विचारलं या सर्टिफिकेटवर कंपनीत चालतं का, तर म्हणाला सगळीकडं चालतं. भिंतीवर दहा बोर्डांची नावं, सगळी ऐकायला सरकारी वाटतील अशी. मी निघून आले. तुम्हाला पण असं कोणी सांगितलं तर आधी त्या मंडळाचं नाव कागदावर लिहून घ्या आणि जिथं नोकरीला किंवा ॲडमिशनला ते सर्टिफिकेट द्यायचंय तिथं जाऊन विचारा, पैसे नंतर. परीक्षेला न बसता दहावी कुठलंच खरं बोर्ड देत नाही. गरीब माणसाचे पैसे जातातच आणि नंतर नोकरीवर कागद खोटा निघाला तर नोकरी पण जाते, मला या गोष्टीचा फार राग येतो.

ज्यांना मुळात वाचायला-लिहायलाच येत नाही त्यांच्यासाठी इथं सहा ते सात वेगळी बॅच आहे, आणि ती फुकट आहे. सरकारचा उल्लास म्हणून कार्यक्रम आहे, 2022 ते 2027, पंधरा वर्षांच्या पुढच्या निरक्षरांसाठी, त्यात शिकवणारे सगळे स्वयंसेवक. शेवटी परीक्षा असते, वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50, आणि पास झालं की सर्टिफिकेट मिळतं. या बॅचला जास्त करून पन्नाशीच्या पुढच्या मावश्या येतात. आमची बॅच सातला, त्यामुळं मी लवकर आले की मागं बसून ऐकायचे. एका मावशींना सिटीलिंकच्या बसवरची पाटी वाचायची होती, बाकी काही नको म्हणायच्या, नेहमी कंडक्टरला विचारावं लागतं आणि तो वैतागतो. तर त्यांना शिकवणाऱ्या मुलीनं बाराखडी बाजूला ठेवली आणि आधी त्यांच्या रोजच्या रस्त्यावरची नावं घेतली, पवननगर, त्रिमूर्ती चौक, सीबीएस, शालिमार, पंचवटी, द्वारका. त्या नावांतूनच अक्षरं सुटी केली, पवननगर मधला न दोनदा येतो तो शोधा, असं. मला ही पद्धत फार आवडली. अशी नावं आठवड्यात यायला लागली की माणूस पुढं स्वतःहून विचारतो की हे काय लिहिलंय, ते काय लिहिलंय.

आता एक स्टार का कापला. इंग्रजी. वर्षात दोन वेळा इंग्रजीच्या मॅडम बदलल्या, मधे तर एक महिना कोणीच नव्हतं, सरच घ्यायचे आणि सर इंग्रजीचे नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. आमच्यातले जे नापास झाले ते बहुतेक इंग्रजीतच राहिले, जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसतील. मोठ्या माणसाला इंग्रजी वाचायलाच भीती वाटते, तिथं सगळ्यात चांगला आणि टिकून राहणारा शिक्षक पाहिजे, हे मी सरांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले संध्याकाळी सात ते नऊ एवढ्या मानधनावर कोणी टिकत नाही. त्यांचं पण बरोबर असेल, पण फी थोडी वाढवा आणि चांगला माणूस ठेवा, आम्ही देऊ.

बाकी छोट्या गोष्टी. बाक लहान मुलांचे आहेत, दिवसा तिथं बालवाडी भरते, गुडघे वर येतात, कंबर दुखणाऱ्यांनी उशी न्या. बायकांसाठी टॉयलेट एकच आणि कडी नीट लागत नव्हती, आता दुरुस्त केलीय म्हणतात. नऊला सुटतो, थंडीत रस्ता सामसूम होतो, आम्ही पाच-सहा जणी गटानं निघायचो आणि रिक्षावाले दादा उत्तमनगर पर्यंत सोडायचे, पैसे घेत नव्हते. पण हे वर्गानं स्वतः बघायला पाहिजे, बायकांना साडेआठला सोडलं तरी चालेल. लाइट गेली तर इन्व्हर्टर नाही.

फी मी सहा हजार दिली, तीन हप्त्यांत, बोर्डाची फी वेगळी आणि ती आपणच ऑनलाइन भरायची, हातात घेत नाहीत. पुस्तकं बालभारतीची, मागच्या बॅचची मिळतात, मी एक पण नवीन घेतलं नाही. हप्ता उशिरा झाला म्हणून कोणाला उभं केलेलं मी बघितलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात रोजचा अभ्यास टाकतात, सेकंड शिफ्टवाल्यांना ते बरं पडतं, पण नुसत्या ग्रुपवर भागत नाही, गणिताला समोर बसावंच लागतं.

मला 58 टक्के पडले. मराठीत 74. पुढं बारावीचं बघतेय, ती पण बाहेरून 17 नंबरनंच होईल. सर म्हणतात गंगापूर धरणाच्या बाजूला आपलं मुक्त विद्यापीठ आहेच, बारावी झाली की नोकरी करत बीए करता येईल. आधी बारावी.

कोणाला यायचं असेल तर जूनमधेच या, 17 नंबरचा फॉर्म पावसाळ्यात सुटतो आणि नंतर लेट फी लागते, आणि खालचं गणित करायला पण वेळ मिळतो. ऑक्टोबरला येणाऱ्यांना ते घेतात पण त्यांना सरळ सांगतात की पुढच्या वर्षी बसा. येताना दाखला, आधार, दोन फोटो आणा. दाखला नसला तरी या, कुठल्या शाळेत कोणत्या साली होतात एवढं आठवत असलं तरी सर तिथनं पुढं कसं करायचं ते सांगतात. दिवसा कुलूप असतं, संध्याकाळी सहानंतरच जा.